सायाळींना संगणकाची आवड का नसते

एका जंगलात पाणी प्यायलासुद्धा संगणकाला विचारावं लागायचं.

हसू नका. नाक पुसा, मांडी घाला आणि ऐका. मध्येच कोणाला शू लागली तर गोष्ट थांबणार नाही, आधीच सांगते.

तर त्या जंगलात एकच पाणवठा होता. पूर्वी ज्याला तहान लागेल तो यायचा, प्यायचा आणि जायचा. मग भांडणं व्हायला लागली. हत्ती आत बसला की बाहेरच यायचा नाही. रानडुकरं लोळून गाळ करून ठेवायची. म्हणून माकडांनी संगणक आणला आणि पाण्याच्या पाळ्या त्यात घातल्या. हरणं पहाटे. हत्ती सकाळी. माकडं संध्याकाळी, गार वाऱ्याला, आरामात. पाणवठ्याच्या तोंडावर मगर बसायची. तिच्याशेजारी एक पडदा लावला होता. पडद्यावर ज्याचं चित्र येईल त्यालाच ती आत सोडायची.

आणि सायाळी? सायाळींची पाळी भर दुपारी, डोक्यावर सूर्य आला की.

सायाळ माहीत आहे ना? अंगभर काटे असलेली, बुटकी, फताड्या पायांची. दिवसभर बिळात झोपते आणि दिवस मावळला की उठते. तिचा जन्मच तसा आहे. डोळ्यावर ऊन आलं की तिला समोरचं झाडसुद्धा दिसत नाही.

मग तिला दुपारची वेळ कोणी दिली? माकडांनी. वाईटपणानं नाही हं. माकडं वाईट नसतात, नुसती माकडं असतात. त्यांनी विचार केला, की भर दुपारी पाण्यावर कोणी नसतं, म्हणजे ती वेळ रिकामी. सायाळ दिवसा काही कामधंदा करताना दिसत नाही, म्हणजे तीही रिकामी. झालं! रिकामीला रिकामी जोडून दिली. एका माकडानं तर 'किती सुबक बसलं' म्हणून टाळीसुद्धा वाजवली.

त्या जंगलात द्रुपदा नावाची एक सायाळ होती. तोंडानं फटकळ आणि काट्यांनी त्याहून फटकळ. उन्हाळ्याच्या तोंडावर तिला दोन पिल्लं झाली होती. काटे अजून मऊ, कुंचल्यासारखे. त्यांना घेऊन ती रोज भर उन्हात पाण्याला निघायची. डोळे मिटलेले. एक पिल्लू करवंदीच्या जाळीत शिरायचं. दुसरं दगडाला धडकायचं आणि दगडालाच 'चुकलं' म्हणायचं. मागून धाकटी जाऊ कोंडाबाई यायची. ती वाटभर शिव्या घालायची.

"जाऊबाई, पाय भाजले हो!"

"मग माझे काय सावलीतून चाललेत? चल गपचूप."

"कोणाच्या डोक्यातून निघाली ही वेळ? त्याच्या डोक्यात किडे पडोत."

"माकडाच्या डोक्यात किडे पडले तर ते काढून खातं. दुसरी शिवी शोध."

एके दिवशी संध्याकाळी द्रुपदा सरळ मगरीकडे गेली.

"मगरमावशी, सोड गं आत. पिल्लं सुकून चिपाड झालीत."

मगरीनं एक डोळा उघडला. "पडद्यावर कोण आहे?"

"माकड."

"तू माकड आहेस?"

"काटे दिसत नाहीत का तुला?"

"मला दिसून काय उपयोग, बाई? पडद्याला दिसायला पाहिजे." आणि तिनं डोळा मिटून घेतला.

द्रुपदा तिथून जी निघाली ती संगणकशाळेत. ही शाळा एका पांगाऱ्यावर होती. पांगाराच का? लाल फुलं येतात आणि फोटोत चांगली दिसतात म्हणून. लाकूड अगदी कुचकामाचं, काकडीसारखं मऊ. पण शाळा बांधताना लाकूड कोण बघतो! संगणक वरच्या दुबेळक्यात, दोन फांद्या फुटतात तिथे, बांधलेला. फांदीफांदीवर माकडं बसलेली. त्यांच्या हेडसरांचं नाव हुप्पेसर.

"हुप्पेसर," द्रुपदा खालून ओरडली, "आमची पाण्याची वेळ बदला."

"आम्हाला तर त्या वेळेची काही अडचण नाही," हुप्पेसर म्हणाले.

"आम्हाला आहे!"

"ज्याला अडचण आहे त्यानं शिकावं आणि बदलावं. आमच्या शाळेचं दार सगळ्यांना उघडं आहे."

"कुठाय दार?"

सरांनी शेपटीनं वर दाखवलं. दार शेंड्याला होतं. ज्याला शाळेत यायचं असेल त्यानं शेंड्यावर जाऊन तसं सांगायचं, असा नियम होता. नियम सगळ्यांना सारखा. हत्तीला तोच, कासवालाही तोच.

"मी इथूनच सांगते की! मला शिकायचंय!"

"खालून सांगितलेलं वर ऐकू येत नाही," हुप्पेसरांनी वरून सांगितलं.

आता तुमच्यासारखं शहाणं मूल असतं तर घरी गेलं असतं. द्रुपदा चढली. पांगाऱ्याच्या बुंध्याला मिठी मारली, नखं रोवली आणि एकेक पाय वर घेत निघाली. कोंडाबाई खालून 'धरा, धरा' म्हणत होती, पण काय धरायचं ते सांगत नव्हती. पहिली फांदी हाताशी आली. द्रुपदानं हात घातला. फांदी मोडली. द्रुपदा खाली आली. खाली येताना मध्ये हुप्पेसर होते. ते बुंध्याशी उतरून, वाकून, पाठ तिच्याकडे करून, एका पोराला शिकवत होते.

तेव्हापासून हुप्पेसर उभ्यानं शिकवतात.

इकडे लांबच्या मोठ्या तळ्यावर विद्वानांची सभा भरली होती. तिथे कोणीतरी विचारलं, की त्या जंगलातल्या संगणकशाळेत सगळी माकडंच का? बाकीचे प्राणी का नाहीत? प्रश्न इतका अवघड होता, की त्याचा अभ्यास करायला एक मोठा विद्वान पाठवायचं ठरलं. डॉक्टर बगळे. पांढरेशुभ्र, मान लांब. उभे राहायचे तर एका पायावर. दुसरा पाय त्यांनी निष्कर्षासाठी राखून ठेवला होता.

डॉक्टर बगळे आधी हुप्पेसरांना भेटले.

"तुमच्याकडे विविधता का नाही?"

हुप्पेसर दुखावले. "कशी नाही? लाल तोंडाची माकडं आहेत, काळ्या तोंडाची आहेत. एक तर डावखुरं आहे!"

बगळ्यांनी ते लिहून घेतलं. मग ते सायाळींच्या बिळावर गेले. चांगलं टळटळीत उजाडल्यावर गेले. बाहेरूनच त्यांनी चोचीनं टकटक केली. द्रुपदा आणि कोंडाबाई डोळे चोळत बाहेर आल्या.

"संगणक म्हटल्यावर तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं?" बगळ्यांनी विचारलं.

कोंडाबाईनं बिळाएवढी जांभई दिली. "झोप."

बगळ्यांनी लिहिलं, की संगणकाचं नाव काढताच सायाळींना झोप येते.

"आणि तुमच्या मनात?"

"तहान," द्रुपदा म्हणाली.

"वा! ज्ञानाची?"

"पाण्याची!"

"किती सुंदर बोललात! ज्ञान हेच पाणी."

"अहो, पाणी हेच पाणी! दुपारचं ऊन सोसत नाही. संध्याकाळची पाळी पाहिजे. ती त्या डब्यात आहे आणि तो डबा झाडावर आहे. तो खाली आणा. एवढंच आहे बघा. खाली आणला की मी शिकते, ही शिकते, ससा शिकतो, सगळे शिकतात. घ्या लिहून!"

बगळ्यांनी मान तिरकी केली. त्यांना तिची फार कणव आली. "द्रुपदाबाई, हा तुमचा अनुभव आहे. फार मोलाचा आहे. पण हा निष्कर्ष नाही."

"मग निष्कर्ष कधी होतो?"

"मी म्हटल्यावर."

"मग म्हणा की!"

"आधी अभ्यास करावा लागेल."

आणि मग बाळांनो, असा अभ्यास झाला, असा अभ्यास झाला, की विचारू नका. बगळ्यांनी सायाळींची डोकी मोजली. पाय मोजले. आई संगणक शिकली होती का, आजी शिकली होती का, ते विचारलं. लहानपणी खेळायला कोणी संगणक दिला होता का, तेही विचारलं. कोंडाबाई म्हणाली, "लहानपणी आम्हाला हाडूक द्यायचे चघळायला." तेही लिहून घेतलं. फक्त झाडाची उंची मोजायची राहिली. बगळ्यांना उडता येत होतं, त्यामुळे झाड उंच आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

एके दिवशी पांगाऱ्यावरून वेलाला बांधलेली दुरडी खाली आली.

"बसा, द्रुपदाबाई," हुप्पेसर वरून म्हणाले. "तुम्हाला वर घेतोय."

'मी सांगितलेलं कळलं वाटतं,' द्रुपदाला वाटलं. ती दुरडीत बसली. माकडांनी हैसा हैसा करत ओढली. वर संगणक होता. पहिल्यांदाच ती त्याच्यासमोर बसली. तिनं पंजे झाडले, फुंकर मारून साफ केले आणि बटणांवर ठेवले.

"हसा," एक माकड कॅमेरा धरून म्हणालं.

"कशाला?"

"तुम्हाला आनंद झालाय. तुम्ही शिकताय."

"कधी?"

"फोटोत."

द्रुपदानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडदा काळाच. "अहो, हा बंद आहे! सुरू करा की!"

"फोटोत चालू-बंद कळत नाही," माकड म्हणालं. खटक. आणि दुरडी खाली.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर भलंमोठं चित्र लागलं. लाल फुलांमध्ये द्रुपदा, पंजे बटणांवर. खाली लिहिलेलं, 'संगणक सर्वांचा!' संध्याकाळ होताच द्रुपदा पिल्लांना घेऊन धावत मगरीकडे गेली.

"मावशी, आता तरी सोड! हे बघ, माझं चित्र आलंय!"

मगरीनं दोन्ही डोळे उघडले. चित्र बघितलं, द्रुपदाला बघितलं. "छान आलंय. पण चित्र पडद्यावर पाहिजे. हे पडद्याशेजारी आहे."

मग आलं आत्मविश्वास शिबिर. बगळ्यांचं म्हणणं, की सायाळी मनातून घाबरलेल्या असतात. म्हणून सगळ्या सायाळींना सकाळी, ऐन झोपेच्या वेळी, पांगाऱ्याखाली गोळा केलं.

"माझ्यामागे म्हणा," बगळे म्हणाले. "मी संगणकाला भीत नाही!"

"बिबट्या आमच्या मागं लागतो तेव्हा आम्ही उलटं वळून त्याच्या अंगावर जातो," द्रुपदा म्हणाली. "तोंडात काटे घेऊन पळतो तो. आणि त्या डब्याला काय भ्यायचं?"

"हा राग म्हणजे दडलेली भीती असते."

"माझा राग दडलेला दिसतो का तुम्हाला?"

मागून एक म्हातारी सायाळ खिदळली. कोंडाबाई उभ्या उभ्या झोपली होती. ती दचकून जागी झाली आणि ओरडली, "मी बगळ्याला भीत नाही!" त्यावर शिबिर संपलं. जाताना हुप्पेसरांनी एक सूचना केली, की सायाळींनी काटे जरा आवरून बसायची सवय करावी, शेजारच्याला टोचतात. ही सूचना त्यांनी उभ्यानंच केली.

अशात उन्हाळा चढला. पाणवठ्याचं पाणी आत आत सरकलं. वाट लांब झाली आणि दगड तव्यासारखे तापले. एका दुपारी द्रुपदाचं धाकटं पिल्लू वाटेत बसलं. तेच, दगडाला 'चुकलं' म्हणणारं. ते उठेना. द्रुपदानं ढोसलं, चाटलं, रागे भरली. ते नुसतं तोंड उघडून बघत राहिलं. ती पाण्यापर्यंत धावली आणि तोंड भरून पाणी घेऊन परत धावली. अर्धं वाटेत सांडलं. उरलेलं त्याच्या तोंडात सोडलं. मग पुन्हा धावली. कोंडाबाईनं स्वतःच्या अंगाची सावली करून त्याला झाकलं. त्या दिवशी तिनं एकही शिवी दिली नाही.

पिल्लू संध्याकाळी उठलं. जगलं, जगलं! रडू नका लगेच.

त्याच संध्याकाळी बगळ्यांचा निष्कर्ष आला. 'सायाळींना संगणकाची आवड नसते. का नसते, हे समजण्यासाठी अभ्यासाचा दुसरा टप्पा घ्यावा लागेल.' आणि या आनंदात पांगाऱ्यावर मोठी परिषद भरणार होती. आसपासच्या सगळ्या जंगलांतले विद्वान येणार होते. विषय होता, संगणकशाळेत सगळ्यांना कसं आणावं. सगळ्यांना आमंत्रण होतं. जागा शेंड्यावर.

द्रुपदानं ते ऐकलं. कोंडाबाई घाबरली. जाऊबाई गप्प आहेत म्हणजे कोणाचं तरी काही खरं नाही.

"जाऊबाई, काय करायचं मनात आहे?"

"सायाळीला काय येतं, कोंडे?"

"झोपायला."

"आणि?"

"भांडायला."

"आणि?"

कोंडाबाईनं डोकं खाजवलं. मग तिच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं आणि पुढचे दोन लांब पिवळे दात दिसले. "कुरतडायला, जाऊबाई!"

"जा, सगळ्यांना बोलाव. म्हातारीलाही. दात असतील तिला आण, नसतील तिला टाळ्या वाजवायला आण."

परिषदेच्या दिवशी पांगारा विद्वानांनी लगडला. बगळे होते, करकोचे होते, एक घुबड खास मोठा चष्मा लावून आलं होतं. माकडं फुलांचे गुच्छ देत होती. खाली बुंध्याशी जंगलभरच्या सायाळी गोल बसल्या. डोळे मिटलेले, कारण ऊन. पण दात चालवायला डोळे लागत नाहीत. द्रुपदानं साल सोलून पहिला घास घेतला. लाकूड खरंच काकडी होतं.

डॉक्टर बगळे बोलायला उभे राहिले. एका पायावर.

"मित्रहो, जे इथे नाहीत, त्यांच्याविषयी आज आपण बोलणार आहोत."

टाळ्या. टाळ्यांच्या आवाजात सायाळींनी बुंध्याचा वीतभर घेर खाल्ला.

"ते का येत नाहीत, हे एक गूढ आहे."

टाळ्या. खर्र, खर्र, खर्र.

टाळ्या थांबल्या तरी एक म्हातारी कुरतडतच राहिली. तिला ऐकू कमी यायचं. आवाज वरपर्यंत गेला. सगळे कान टवकारून बसले.

बगळ्यांचे डोळे भरून आले. "ऐका! तळागाळातून प्रतिसाद येतोय!"

मग तर काय, टाळ्या थांबेचनात. विद्वान उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक करकोचा नाचला. त्यानं पांगारा आणखी हलला. खाली कोंडाबाई तोंडातला भुसा थुंकत म्हणाली, "जाऊबाई, भाषण चांगलं झालं की हो! आणखी थोडं बोलायला सांगा, माझी बाजू राहिलीय."

"मित्रहो," बगळे म्हणाले, "आपण एका मोठ्या बदलाच्या उंबरठ्यावर उभे आहोत!"

"सर," हुप्पेसर हळूच म्हणाले, "आपण वाकतोय."

"नम्रपणे वाकलंच पाहिजे!"

"तसं नाही हो, सर. झाड."

कर्र्र करून पांगारा वाकला. एवढा हळू वाकला, की सगळ्यांना घाबरायला भरपूर वेळ मिळाला. बगळे उडाले, करकोचे उडाले, घुबड चष्मा विसरून उडालं आणि दुसऱ्या झाडावर आपटलं. माकडं एकमेकांच्या शेपट्या धरून घसरगुंडीवरून यावीत तशी खाली आली. झाड कारवीच्या दाट जाळीवर गादीवर पडल्यासारखं पडलं. कोणाला फारसं लागलं नाही. अध्यक्षांचा हार तेवढा तुटला.

आणि संगणक? दुबेळक्यात घट्ट बांधलेला संगणक जमिनीपासून सायाळीच्या नाकाइतक्या उंचीवर येऊन थांबला. चालू होता.

माकडं त्याला उचलून दुसऱ्या झाडावर न्यायला धावली. पण सायाळी त्याच्याभोवती गोल करून बसल्या होत्या. तोंडं आत, काटे बाहेर. काटे खुळखुळ वाजत होते. हुप्पेसरांनी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं आणि एक हात पाठीमागे नेला.

"सर," द्रुपदा म्हणाली, "तुमची शाळा खाली आली. आता शिकवा."

"उभ्यानं शिकवू का?"

"शिकवा हो कसंही!"

डॉक्टर बगळे भुशात दोन्ही पायांवर उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच. ते सगळं बघत होते. ससा आला, कासव निघालं, रानडुकराची पोरं आली. सगळी संगणकाकडे. बगळ्यांनी मोठ्यानं म्हणत घाईघाईनं लिहायला घेतलं, की संगणक जमिनीवर आणल्यास प्राण्यांना त्याची आवड निर्माण होते.

द्रुपदानं ते ऐकलं आणि तिचे सगळे काटे उभे राहिले. "अहो, हे तर मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!"

"तुम्ही सांगितलं होतं, द्रुपदाबाई," बगळे प्रेमानं म्हणाले. "मी शोधलं."

मोठ्या तळ्यावर त्यांचा सत्कार झाला म्हणतात. होऊ द्या. आपल्याला काय करायचंय.

आता तुम्हाला वाटेल द्रुपदा पहिल्याच दिवशी संगणक शिकली. नाही. तिचं एक नख तीन बटणं दाबायचं. हुप्पेसर म्हणायचे 'हळू', ती म्हणायची 'हळूच आहे', आणि बटण उडून कोंडाबाईच्या कपाळाला लागायचं. पहिल्यांदा तिनं पाळी बदलली तेव्हा पडद्यावर सगळ्यांची चित्रं एकदमच आली. हत्ती पाणवठ्याच्या तोंडात अडकला, हत्तीवर ससे, सशांवर माकडं. खालून मगरीचा आवाज येत होता, 'एकेक! एकेक या रे!' दुसऱ्यांदा माकडांची पाळी भर दुपारी गेली. चुकून गेली, असं द्रुपदा अजूनही सांगते.

"ऊन लागतं हो!" माकडं ओरडत आली. "डोकं तापतं!"

"ज्याला अडचण आहे त्यानं शिकावं आणि बदलावं," द्रुपदा म्हणाली. आणि तिसऱ्या दिवशी बदललं, कारण हुप्पेसरांना भोवळ आली आणि शिकवायला कोणी उरेना.

मग एकदाचं जमलं. दिवस मावळला. आभाळ लाल झालं. द्रुपदा पिल्लांना घेऊन पाणवठ्यावर गेली. पडद्यावर सायाळ होती. काट्यांसकट.

मगरीनं पडदा बघितला आणि बाजूला सरकली. "या, बाई. एवढा उशीर?"

धाकटं पिल्लू पाण्यात तोंड घालून प्यायलं. प्यायलं, शिंकलं, पुन्हा प्यायलं. पोट टम्म झालं तेव्हा ते पाण्याला 'चुकलं' म्हणालं. का, ते कोणाला कळलं नाही. कोंडाबाई काठावर बसून हमसून रडली आणि रडता रडता सगळ्या माकडांना शिव्या दिल्या. त्या दुपारच्या राहिलेल्या शिव्याही त्यात घातल्या.

इथे गोष्ट संपवता आली असती. पण अजून एक जण दाराशी उभा होता. उभा म्हणजे, उलटा.

पुढं द्रुपदा त्या शाळेची मोठी बाई झाली. पोट सुटलं. संगणकासमोर तिच्या बसण्याची खोलगट जागा तयार झाली. एके दिवशी संध्याकाळी, पाणी पिऊन ती गारव्याला बसली असताना, समोरच्या फांदीला एक वटवाघूळ येऊन लटकलं. धोंडिबा नाव.

"बाई," धोंडिबा म्हणाला, "आमची पाण्याची पाळी सकाळी लागलीय. आम्ही तेव्हा झोपतो. बदलायला आलो, तर तुमचं यंत्र जमिनीवर. मला जमिनीवर बसता येत नाही. उलटं टांगल्याशिवाय एक अक्षर वाचता येत नाही. जरा एखादा संगणक फांदीला टांगता का?"

द्रुपदानं ढेकर दिला. दिवसभर शिकवून ती दमली होती. बसल्या जागेवरून उठायचं म्हणजे जिवावर आलं होतं.

"धोंडिबा," ती मान तिरकी करून म्हणाली, "हा तुझा अनुभव आहे. फार मोलाचा आहे. पण..."

कोंडाबाईच्या तोंडातला कंद खाली पडला. ती जावेकडे बघतच राहिली.

धोंडिबानं फक्त संगणकापासून पाणवठ्यापर्यंत गेलेल्या तारेकडे बघितलं. अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तो हसला. बारीक, पांढरे, अणकुचीदार दात.

द्रुपदानं ते दात बघितले. असं हसू तिनं कुठे बघितलं होतं ते तिला चटकन आठवलं. पोट सुटलं होतं तरी ती एका उडीत उभी राहिली.

"कोंडे! दोरी आण! आत्ताच्या आत्ता आण, बघतेस काय माझ्या तोंडाकडे?"

तात्पर्य : संगणकशाळेत सगळ्यांनी यावं असं मनापासून वाटत असेल, तर आधी सखोल संशोधन करावं. त्याचा दुसरा टप्पा घ्यावा, तिसराही घ्यावा. उंच जागी परिषदा भरवाव्यात, भाषणं लांबवावीत आणि टाळ्या भरपूर वाजवाव्यात. उगीच घाई करू नये. खाली कुरतडणाऱ्यांना वेळ लागतो.